जिन्यातली जागा

मुलुंडच्या अभ्यासिकेत ती माझ्यासमोर बसायची. माझ्यासारखीच एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला, पण दुसऱ्या कॉलेजची. नाव मी कधी विचारलं नाही. डबा संपला की ती उघड्या पुस्तकावर पाण्याची बाटली ठेवायची, खांद्यावर नॅपकिन टाकायची आणि गच्चीच्या जिन्याकडे जायची. थोड्या वेळाने तोंड धुऊन यायची आणि त्याच पानावरून पुढे वाचायला लागायची. मला वाटायचं, डुलकी काढत असेल.

कॉलेजातल्या एका सरांच्या संशोधनासाठी मी मधुमेही पेशंटच्या पायांची मापं घेत होतो. परीक्षा तोंडावर आली आणि सरांचा मेसेज आला: अर्धी मापं चुकलीत, परत घे. मी उठलो, त्याच जिन्यात जाऊन बसलो आणि रडायला लागलो.

मागून ती आली. "सरक ना यार. डब्यानंतर मी इथे रडते."

मी उठायला लागलो.

"बस रे. दोघं मावतो."

मग तीही रडली, रोजचं काम उरकावं तशी. जाताना नॅपकिनचं कोरडं टोक माझ्यापुढे केलं.

आता मी इंटर्न आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात कुणी ज्युनिअर रडताना दिसला की मी कारण विचारत नाही. "सरक ना," म्हणतो.