दार ओलं होतं

रंगाच्या डब्याच्या काठावर ब्रश निथळून घेताना दर वेळी थोडा रंग तिथंच राहतो. वर्षभरात काठावर बोटभर थर साचतो, निळ्यावर लाल, लालवर पांढरा. आमच्या रविवारच्या वर्गातले किस्से असेच साचले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. आम्ही फक्त दर रविवारी थकून तिथं जाऊन बसत होतो.

नववीत माझी शाळा सुटली. तेव्हापासून आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात पाट्या रंगवतो. दुकानांची नावं, जीपचे नंबर, भिंतीवरच्या बियाण्याच्या जाहिराती. तेविसाव्या वर्षी कळलं, की दहावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येतं. ती परीक्षा दिली, पास झालो आणि हिंगोलीच्या एका कॉलेजात रविवारी भरणाऱ्या वर्गात नाव घातलं.

पहिल्या रविवारी जीपच्या मागं लटकत हिंगोलीला पोचलो. गेटवर चाँदभाई म्हणून शिपाई होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही, नखं पाहिली.

"आलास का? सकाळपासून वाट बघून राहिलो तुझी. पाच नंबरच्या खोलीचं दार रंगवायचंय, वर पाटी लिहायची. डबा तिथंच ठेवलाय."

मी तो पेंटर नाही, एवढंच सांगायचं होतं. पण अनोळखी माणसाला 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. म्हटलं, अर्ध्या तासात उरकू. दाराला दोन हात दिले, वर 'पदवी वर्ग, रविवार' लिहिलं. आत तास चालू होता, मी बाहेर ब्रश चालवत होतो. बारा वाजले. वर्गाला शिकवणारे पठाडे सर शर्ट सांभाळत, अंग तिरपं करून दारातून बाहेर आले आणि पाटी वाचत उभे राहिले.

"अक्षर सुरेख आहे. कुठले तुम्ही?"

"गोरेगावचा. याच वर्गात आहे, सर. विद्यार्थी."

"मग आत काहून आला नाहीत?"

"दार ओलं होतं, सर."

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव पेंटर पडलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

*

वर्गात आम्ही बारा जण. त्यातले राठोडकाका एस.टी.त कंडक्टर. तांड्यावरचे, वय पन्नासच्या पुढं. पदवी मिळाली तर शेवटची चार वर्षं आगारात टेबलाशी बसून काढता येतील, एवढी त्यांची आशा. ड्यूटीवरून तसेच खाकीत यायचे आणि शेवटच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायचे. खरंच उघडे ठेवून. तीस वर्षांच्या नोकरीत हे शिकलो, म्हणायचे.

एकदा सर 'प्रेरणा' शिकवत होते. व्याख्या लिहून दिली, प्रकार लिहून दिले. मग काकांना उठवलं.

"राठोड, प्रेरणा म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा."

काका उभे राहिले. "सर, गाडी चढावर बंद पडली की खालून ढकलणारे लागतात. ती प्रेरणा."

"बराबर. आणि ढकलणारे मिळाले नाहीत तर?"

"ढकलणारे मिळतात, सर. आत बसलेले खाली उतरत न्हाईत, ही तकलीफ हाय."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. आम्ही कुणीच लिहून घेतलं नाही, कारण ते परीक्षेला येणार नव्हतं.

*

पुढं एकदा बाहेरून एक पाहुणे भाषणाला आले. टाय बांधलेले, फार उत्साही. त्यांनी आम्हाला उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि 'मी करू शकतो' असं दहा वेळा म्हणायला लावलं. आठवड्याचे सहा दिवस काम करून आलेली माणसं डोळे मिटून उभी राहिली, तर काय होणार? मागून कुणीतरी बाकावर आदळल्याचा आवाज आला.

पाहुण्यांनी काकांनाच गाठलं. "काका, आयुष्यात काय व्हायचंय तुम्हाला?"

"रिटायर," काका म्हणाले.

*

दिवाळीनंतर सरांनी स्वाध्याय दिला. "'मी का शिकतो' यावर एक पान लिहून आणायचं. पुस्तकातलं नको. ज्याचं पान नाही त्याच्या परीक्षेच्या फॉर्मवर माझी सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं.

सगळ्यांत आधी पान आणलं सुमनताईंनी. त्या कळमनुरीकडच्या एका गावात अंगणवाडी चालवतात. लेकरांची वजनं, हजेरी, खिचडी, सगळं आयुष्य रजिस्टरात भरण्यात गेलेलं. त्यांनी पानाला पट्टीनं तीन रकाने पाडले होते. अनुक्रमांक, कारण, शेरा.

पहिलं कारण: 'सुपरवायझर व्हायचे आहे.' शेरा: 'प्रयत्न चालू.'

दुसरं कारण: 'आमचे मालक म्हणतात, या वयात तुला जमणार नाही.' शेरा: 'अजून म्हणतात.'

सरांनी पान परत दिलं. "ताई, हे रजिस्टर झालं. नीट ओळीत लिहून आणा."

ताई सरळ माझ्याकडं आल्या. "पेंटरदादा, तुमचं अक्षर चांगलंय. मी सांगते, तुमी लिवा."

ताईंचं लिहिलं म्हणून काकांचं लिहिलं. काकांचं लिहिलं म्हणून बाकीच्यांचं. कॉलेजच्या पायरीवर बसायचो, एकेक जण शेजारी येऊन सांगायचा. सांगता सांगता माणसं भलतंच सांगत. काका म्हणाले, "लिही, की मला तिकिटावरचं सोडून काहीतरी वाचायचंय." मग कागदाकडं वाकून पाहिलं. "ते खोड. आगारातलं टेबल लिही." मी खोडलं. अकरा जणांचं 'मी' असं माझ्या हातानं कागदावर उतरलं.

माझं स्वतःचं मात्र होईना. गावात नुकतंच फ्लेक्स येऊ लागलं होतं, ब्रशचं काम कमी होत होतं. ते कारण लिहावं, तर ते खरंच होतं. पण ते माझ्या दुकानाचं कारण वाटायचं, माझं नाही. तीन रविवार गेले. शेवटी एक दिवस दुकान बंद ठेवून बसलो. आधी शीर्षक. पेन्सिलीनं रेघा आखल्या, अक्षरं मोजून बसवली, कडेला सावली दिली, सावलीला दुसरा रंग दिला. फार दिवसांनी मनासारखं काम झालं. आणि मग पाहिलं, तर खाली जागाच उरली नव्हती.

सरांनी पान दोन्ही हातांनी लांब धरून पाहिलं.

"शीर्षक उत्तम," म्हणाले. "आता पुढचं आणा."

*

माझी शाळा कशी सुटली, तो किस्सा वर्गात मी कधी सांगितला नाही. इथं सांगतो.

अक्षर चांगलं म्हणून शाळेत रोजचा सुविचार फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडं होतं. व्हरांड्यात मोठा फळा होता. रंगीत खडूनं सुविचार, खाली दिनांक, वार, पटसंख्या, भोवती वेलबुट्टी. त्यात पहिला तास जायचा. पहिला तास गणिताचा. पाहुणे यायचे असले की दुसराही जायचा. मास्तर पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "पोरगं मोठं गुणी हाय." मला ते आवडायचं.

नववीला गणितात गेलो. निकालाच्या दिवशी नापासांची यादी फळ्यावर लिहायला मलाच बोलावलं. सातवं नाव माझं होतं. ते मी बाकीच्यांपेक्षा जरा बारीक काढलं.

बापानं यादी वाचली. "अक्षर हाय की हातात. बास झालं," म्हणाला.

*

फॉर्म पाठवायचा शेवटचा रविवार आला. सरांनी अकरा पानं टेबलावर पसरली.

"माणसं अकरा, अक्षर एकच. हे अक्षर मी दर रविवारी दारावर वाचतो." मग माझ्याकडं पाहिलं. "आणि ज्याचं अक्षर आहे त्याचं पान नाही. आज इथंच बसायचं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं. एक वाजता मी फॉर्म घेऊन जाणार."

"सर," काका म्हणाले, "माझ्या हाताला तिकिटाला भोक पाडायची सवय हाय."

"मग भोकं पाडा. पण स्वतः पाडा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पट्टी काढली नाही. शीर्षक लिहिलं नाही. पेन टेकवलं आणि जे आलं ते लिहिलं: 'गणिताचा तास चालू असताना मी बाहेर होतो.' रेघ न आखता घाईनं लिहिलेलं माझं अक्षर इतकं वेडंवाकडं येतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरी ओळ आली. तिसरी आली. घड्याळात साडेबारा झाले होते.

तेवढ्यात दारात चाँदभाई.

"पेंटर है क्या? बडे साहब बुला रहे. उद्या पाहुणे यायलेत, गेटवर स्वागताची पाटी लिहायची. पाच मिनिटांचं काम हाय."

काकांचं पेन थांबलं. सुमनताईंनी माझ्याकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. माझे गुडघे सवयीनं अर्धे उठलेसुद्धा होते.

मी परत खाली बसलो. चाँदभाई माझ्यापासून चार हातांवर उभे होते. दर रविवारी आम्ही दोघं बरोबर चहा प्यायचो.

"आज न्हाई आला," मी म्हणालो.

चाँदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या नखांकडं पाहिलं. मग वर, दारावरच्या पाटीकडं.

"अच्छा," ते म्हणाले. "आला तर सांगा त्याला."

"सांगतो."