डिफिकल्टी कर्व म्हणजे घाट

दोन हजारच्या आसपासची गोष्ट, मी कॉलेजात होते. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक गेम सापडला. लहानपणी टीव्हीला जोडून आम्ही उड्या मारायचा जो गेम खेळायचो, त्याचीच ही हौशी चाहत्यांनी केलेली नक्कल. हिच्यात आपली लेव्हल आपल्याला बनवता यायची. दादानं जोतिबाचा डोंगर करायचं ठरवलं. गुलाबी आभाळ, माथ्यावर देऊळ, आणि चढताना जागा दिसेल तिथं खड्डा. खड्डे तो खणायचा. उरलेल्या जागेत मी विंचू सोडायचे.

नेट कॅफेत जाऊन आम्ही ती लेव्हल त्या चाहत्यांच्या फोरमवर टाकली आणि शाबासकीची वाट बघत बसलो. उत्तर आलं ते थंड देशातल्या एका माणसाचं. म्हणजे देश दादानंच ठरवला, कारण त्याच्या नावाशेजारच्या चित्रात बर्फ होता. त्यानं फार सभ्यपणे लिहिलं होतं की लेव्हलचा डिफिकल्टी कर्व बिघडलाय, ब्लाइंड जंप फार आहेत आणि ब्रीदिंग स्पेस तर नाहीच.

शब्द सगळे ओळखीचे होते. दादा म्हणाला, कर्व म्हणजे वळण. आपण डोंगर सरळ चढवलाय, त्याला घाट पाहिजे. मग रविवारभर बसून आम्ही डोंगराला घाट केला. त्या गेममध्ये फक्त डावीकडं आणि उजवीकडं जाता यायचं, त्यामुळं आमचा हिरो सरकारी ऑफिसचा जिना चढल्यासारखा फेऱ्या घालत वर जायला लागला. ब्लाइंड जंप म्हणजे आंधळी उडी, हे मी सांगितलं. हिरोचे डोळे टिंबाएवढे होते, ते मी लिंबाएवढे केले. ब्रीदिंग स्पेससाठी दादानं अर्ध्या वाटेवर खोलीच बांधली. दोन खिडक्या, खाट, पंखा.

दुसरं उत्तर लांबलचक होतं. खोली त्याला आवडली होती, पण तो अजून तिथंच बसून होता, कारण बाहेर पडायला दार नव्हतं. हिरो एवढा घाबरलेला का दिसतो, असंही त्यानं विचारलं होतं. पुढं त्यानं समजावून सांगितलं होतं: सुरुवात सोपी करा, मग हळूहळू अवघड, मधे मधे दम घ्यायला बिनधोक जागा सोडा, आणि उडी मारण्याआधी पाय कुठं पडणार ते खेळणाऱ्याला दिसू द्या.

दादानं ते उत्तर दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आधीच असं सांगायचं की. घाट कशाला बांधायला लावला?"

रागारागात त्यानं घाट पाडला, खड्डे बुजवले आणि माझे विंचूही हाकलले. ह्या वेळी उत्तर एका शब्दाचं आलं: नाइस. आम्ही खूश होऊन रंकाळ्यावर भेळ खाल्ली.

घरी आल्यावर दादानं काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कॉम्प्युटरसमोर बसवलं. काकांच्या एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी उजवा बाण दाबला आणि हिरो देवळात पोचेपर्यंत बोट उचललंच नाही. चहा संपवून त्यांनी शांतपणे विचारलं, "व्हय रं, ह्यात खेळायचं काय हाय?"

दादाला हा प्रश्न त्या थंड देशातल्या माणसाला विचारायचा होता. पण तो इंग्रजीत कसा लिहायचा ह्यावरनं आमचं भांडण झालं, आणि ते राहूनच गेलं.