तेरा किलो कमी

ताईचं काम म्हणजे लोकांचे दात बनवणं. दवाखान्यांतून जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे. खिडकीपाशी बसून ताई मेणात एकेक दात बसवायची आणि केसाएवढा फरक राहिला तरी सगळं वितळवून पुन्हा सुरुवात करायची. रविवारी मात्र ती तलावावर असायची. सलग नऊ वर्षं तिथल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत पहिला नंबर तिचाच.

होडीचा नाद तिला लावला तो थोरल्या भावाने. दादा सुतार होता. ताईचा नवरा गेला तेव्हा वर्षभर तिने घराचे पडदे उघडले नव्हते. दादाने एका जुन्या आराखड्यावरून बारा फुटी दोन होड्या बांधल्या, एक स्वतःला आणि एक तिला. "पोहता येतं ना? मग बस," एवढंच म्हणाला.

दोनाच्या अकरा होड्या केल्या त्या ताईने. काठावर कोणी दोन मिनिटं रेंगाळलं की ती त्याला होडीत बसवूनच सोडायची. बँकेतली कॅशियर, दवाखान्यातली नर्स, एक बस ड्रायव्हर, झेरॉक्सवाला आणि त्याची सासू, सगळे असेच गळाला लागले. होड्या एकाच आराखड्याच्या, एकाच लाकडाच्या, दादानेच बांधलेल्या. पैसेवाल्याने भारी होडी आणून बाजी मारायची सोयच नव्हती. होड्यांच्या शेडच्या दारावर ताईने रंगवून घेतलं होतं : 'होडी सारखी, माणूस वेगळा.'

तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ताई, झुळूक आली की तुमची होडी सुटते. माझी आधी विचार करत बसते."

"भाऊ, होडीला नावं ठेवण्यापेक्षा शीड नीट ओढा," ताई म्हणाली. सगळे पोट धरून हसले. ड्रायव्हरने होडी शेडमध्ये उलटी घातली आणि पुन्हा म्हणून फिरकला नाही.

यंदा शेजारच्या तलावावरून शर्यतीचं बोलावणं आलं. अट एकच : प्रत्येक होडीचं वजन करून घ्यायचं. त्यांच्याकडचे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काटा घेऊन आले. शेडच्या तुळईला काटा टांगला, पट्ट्यांत होडी अडकवून उचलायची. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. दहा होड्या झाल्या, ड्रायव्हरची धूळ खात पडलेलीसुद्धा. शेवटी ताईची. काटा ऐंशीवर थांबला.

गृहस्थांनी काट्यावर टिचकी मारली. होडी उतरवून पुन्हा चढवली. ऐंशी. "काटाच बिघडला असणार," म्हणत ताई स्वतः पट्ट्यांत लोंबकळली. बासष्ट. ते अगदी बरोबर होतं.

कोणी हसलं नाही. कॅशियर हळूच म्हणाली, "लाकूड वाळलं असेल."

"तेरा किलो वाळत नाही, बाई," गृहस्थ म्हणाले.

शेडमधले सगळे ताईकडे बघत होते आणि तिला एकाच्याही नजरेला नजर देता येईना. चपला तिथेच विसरून ती तशीच दादाच्या कारखान्यात गेली.

दादा रंधा मारत होता. "माझी होडी तेरा किलो कमी भरली," ती म्हणाली. वाटलं होतं, तो चकित होईल, निदान हातातलं टाकून उठेल. दादाने रंधा बाजूला ठेवला आणि भुसा झटकत बसला.

"पहिलं वर्षभर तू शेवटची यायचीस," तो म्हणाला. "विकून टाकते म्हणालीस. पुन्हा ते पडदे. मग तू दुरुस्तीला आणलीस तेव्हा तळ आतून तासला. आतल्या फासळ्या काढून हलक्या लाकडाच्या घातल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय उपयोग होता?"

"नऊ वर्षं, दादा. मी लोकांना तोंडावर म्हणत आले, होडीला दोष देऊ नका."

दादाने रंधा पुन्हा हातात घेतला. कुठली शर्यत आपण जिंकलो आणि कुठली त्याच्या रंध्याने, ते आता कधीच कळणार नव्हतं. ती उठून आली. पुढचे दोन महिने तिने भावाचा फोन उचलला नाही.

वजन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती ड्रायव्हरच्या घरी गेली. तो ड्यूटीवरून नुकताच आला होता, पायातले मोजेही निघाले नव्हते. दारातच उभं राहून ताईने सगळं सांगितलं. त्याने आत वळून बायकोला हाक मारली, "ऐकलंस का? तीन वर्षं मला रडका म्हणतेस ना, ये, ऐक."

बायको आली. ताईला सगळं पुन्हा सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा हे जड गेलं.

त्या रविवारी ताईने आपली नऊ वर्षं खोडून टाका असं सगळ्यांना सांगितलं. झेरॉक्सवाल्याची सासू म्हणाली, "खोडू नका. पुढे लिहा." मग निकालाच्या वहीत आपल्या नावापुढे नऊ ठिकाणी ताईने स्वतःच्या हाताने लिहिलं : तेरा किलो कमी. नऊ वेळा तेच अक्षर, आणि दर वेळी पेन कागदात रुतलेलं.

तळाला शिसं ठोकून होडी त्र्याण्णव किलोची केली. त्यानंतरच्या पहिल्या शर्यतीत, शेजारच्या तलावावर, ताई आठवी आली. नऊ वर्षांत तिने कुणाच्या होडीची मागची फळी पाहिली नव्हती. त्या दिवशी सात पाहिल्या. ड्रायव्हर तिसरा आला आणि काठावर पोचेपर्यंत बोलत होता. आता होड्या खरोखर सारख्या आहेत ही गोष्ट गावभर झाली, आणि ड्रायव्हरसारखेच सोडून गेलेले आणखी दोघे परत आले. हंगाम संपेपर्यंत तीन नवी माणसं होडी मागत होती.

होड्या बांधणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा सगळे ताईकडे बघू लागले. ती कारखान्यात गेली. दादा म्हातारा दिसत होता. तिने गृहस्थांकडून मागून आणलेला काटा बाकावर ठेवला.

"तीन हव्यात. प्रत्येक फळीचं माझ्यासमोर वजन होईल."

"रोज येणार?"

"रोज."

दादाने मान हलवली आणि पहिली फळी उचलून काट्याला लावली.