पेटीत नसलेला कटर

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हा विषय शिताफीने टाळते — जसं काही त्याला ठाऊकच नाही! आठ वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी मूळची कराडची. लखनौला येऊन वीस वर्षं झाली. तेलीबागेत फ्लॅट आहे, नवरा बँकेत आहे, आणि मुलीशी मी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तरं देते. नोकरी माशांच्या संशोधनातली. आमच्या घरात कुणी मासे खात नाही. मी या विषयात शिरले तेव्हा आई वैतागून म्हणाली होती, खायचे नाहीत तर निदान त्यांचे जीव तरी वाचव. ते मी मनावर घेतलं. माशांच्या बाबतीत घेतलं, असं म्हणू.

काम असं होतं — घाघरा नदीतले मोठाले मासे गळाने पकडायचे, पाठीत नंबराची छोटी खूण टोचायची आणि जिवंत परत सोडायचे. पुन्हा कुठे सापडला की कळतं, किती लांब गेला, अंडी कुठे घातली. जाळ्यात मासा घासला जातो, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडल्यावर दोन दिवसांत मरतो. म्हणून गळ. पण दहा-बारा किलोच्या माशाच्या जबड्यात रुतलेला गळ त्याला न दुखवता काढायचा कशाने? ते ठरवणं माझ्याकडे होतं.

हसू नका, पण तीन आठवडे मी त्यापायी वेडी झाले होते. शेवटी पाच वस्तू ठरल्या. अंगाखाली घालायची ओली चटई. रबरी हातमोजे. टोकाला खाच असलेला दांडा, तो दोरीवरून सरकवत घशापर्यंत नेता येतो. लांब चोचीची पक्कड. आणि कटर. कटरसाठी मी दुकानदारांच्या डोक्याला नुसता शॉट लावला. खिशातून जाड गळ काढायचे आणि काउंटरवरच तोडून बघायचे. चौथ्या दुकानात मनासारखा मिळाला. लाल मुठींचा, एका दाबात गळाचे दोन तुकडे. मग मी एक पुस्तिकाही लिहिली, मोठ्या माशाच्या तोंडातून गळ काढायची साधनं कशी निवडावीत यावर. त्यात माझंच वाक्य आहे — कटर हाताशी नसेल तर गळ पाण्यात टाकू नये. ठळक अक्षरात आहे. मीच ठळक करायला सांगितलं होतं.

मी इकडचं तिकडचं बोलतेय, कळतंय मला. येते मुद्द्यावर.

ती पेटी रामदुलारेच्या ताब्यात असायची. आमचा नावाडी. पन्नाशीचा, काटकुळा, कंत्राटावर लागलेला. अक्षरओळख नव्हती, पण पाणी वाचायचा. मी सामानाची यादी छापून पेटीच्या झाकणावर चिकटवली, तर त्याने ती बघून मान हलवली आणि म्हणाला, "मैडम जी, कागज तो उड़ जाएगा, उँगली कहाँ जाएगी?" त्याची मोजणी बोटांवर. उजव्या हाताची करंगळी म्हणजे चटई, मग हातमोजे, मग दांडा, मग पक्कड, आणि अंगठा म्हणजे कटर. एकेक वस्तू हाताने शिवायची, एकेक बोट मिटायचं. अंगठा मिटल्याशिवाय नावेचा दोर सुटायचा नाही. पाऊस असो, साहेब असोत, कुणी असो.

आता कबुतरं. आमच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. नवऱ्याने जाळी आणली, बांधायला जाड तार आणली, आणि ती तार तोडायला घरात मेलं काही नाही! मी शुक्रवारी पेटीतून कटर काढला आणि पर्समध्ये टाकून घरी आणला. रामदुलारे तेव्हा चहाला गेला होता. सांगायचं काय त्यात? सोमवारी परत ठेवीन, कुणाला पत्ताही लागायचा नाही. रविवारी जाळी बसली. झकास बसली. कटर राहिला कुलरवर.

मंगळवारी आम्ही घाघरेच्या काठावर होतो. दिल्लीहून एक मोठे साहेब काम बघायला आले होते. त्यांच्यापुढे मी माझ्या साधनांवर छोटंसं भाषणही ठोकलं. रामदुलारेने पेटी उघडली आणि मोजणी सुरू केली. करंगळी मिटली. दुसरं बोट मिटलं. तिसऱ्या बोटाशी मला आठवलं. कुलर. लाल मुठी.

तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं — कटर घरी राहिला, आज गळ टाकायचे नाहीत. बास. एवढंच! काय झालं असतं? साहेबांनी भुवया उंचावल्या असत्या. सरकारी वस्तू बाईंनी कबुतरांसाठी घरी नेली, असा दोन दिवस विनोद झाला असता. त्या विनोदाला मी घाबरले. माझं वाक्य वेगळंच निघालं. "हो गया, रामदुलारे, चलो चलो, धूप चढ़ रही है."

त्याने माझ्याकडे बघितलं. अंगठा अजून उभा होता. मग त्याने हात खाली घेतला आणि दोर सोडला. माझा शब्द तो मोडत नसे.

पढिन लागला. हा बिनखवल्यांचा लांबलचक मासा, तोंडभर बारीक दात. बारा किलोला कमी नसेल. तीन तोंडांच्या गळाचं एक टोक त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुतलेलं, दोन मोकळी. आम्ही त्याला चटईवर घेतलं. मी शेपटीकडे, साहेब नावेच्या मागच्या फळीवर, रामदुलारे तोंडाशी, हातात पक्कड. माशाने एकदाच हिसडा दिला. पक्कड उडून पाण्यात पडली आणि गळाचं मोकळं टोक हातमोज्यातून रामदुलारेच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. उलट्या काट्यासकट, आत. एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला माणूस. मासा तडफडेल तसा तो हातही खेचला जात होता.

तो ओरडला, "कटर! मैडम जी, कटर!"

आणि मी पेटीकडे वळले. मी पेटी उघडली. दांडा बाजूला केला, रिकाम्या कोपऱ्यात हात घातला, पुन्हा घातला. मी शोधत होते! जे तिथे नाही हे मला पक्कं माहीत होतं, ते मी साहेबांच्या देखत शोधत होते. किती वेळ? मिनिटभर तरी. त्या मिनिटात मी माशावर अंग टाकून त्याला दाबून धरू शकले असते. माझे दोन्ही हात मोकळे होते. पण मला शोधताना दिसायचं होतं. शेवटी साहेबांनीच वल्हं उचललं आणि माशाच्या डोक्यात घातलं. मासा मेला. हात तोवर फाटला होता.

लखनौला हॉस्पिटलात आणलं. अंगठ्याचा स्नायुबंध तुटला होता, डॉक्टरांनी शिवला. म्हणाले, अंगठा राहील, पण मिटणार नाही.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. भीती म्हणता येईल. पुढचं काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडूवाले यायच्या आधी, मी ऑफिसात गेले. पर्समध्ये कटर होता. त्याला कबुतराचं एक पीस चिकटलेलं होतं, ते मी काढून टाकलं. स्टोअरमध्ये खालच्या फळीवर, ओल्या चटया सुकायला ठेवतात त्यामागे, कटर ठेवला. नीट विचार करून ठेवला. चटया तिथून रामदुलारेच काढायचा आणि तिथेच ठेवायचा. दुपारी स्टोअरकीपरला कटर सापडला. संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, की पेटीची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याकडून कटर स्टोअरमध्ये राहून गेला. एक ओळ. शुद्ध भाषेत. चोर ते चोर आणि वर शिरजोर म्हणतात ना, तीच मी.

आठवड्याने मी त्याला बघायला गेले. सफरचंदं घेऊन. हात गळ्यात बांधलेला. मला बघून तो उठून बसायला लागला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मैडम जी, हमसे बड़ी चूक हो गई. आपके साहब के सामने…" त्याला खरंच वाटत होतं, कटर त्याच्याकडूनच राहिला. सापडला होता ना स्टोअरमध्ये, त्याच्याच चटयांमागे! तो माझी माफी मागत होता. तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, कोई बात नहीं. मी त्याला माफ केलं.

कंत्राट संपलं, ते पुन्हा निघालं नाही. वल्हं त्या हाताच्या मुठीत बसत नव्हतंच. बापजाद्यांपासून नाव चालवणारा माणूस मलिहाबादला आमराई राखायला लागला. दर वर्षी जूनमध्ये तो दशेरीची पेटी घेऊन बसने येतो, डाव्या हातात धरून. नवरा म्हणतो, असा माणूस आजकाल मिळत नाही. मुलगी म्हणते, "अंकल कितने अच्छे हैं, यार." मी सुरी घेते आणि आंबे चिरते. खातेही. गोड असतात.

आता गेल्या महिन्यातलं. आमच्याकडे विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण असतं, साधनांचा तास मीच घेते. इतकी वर्षं त्यात मी एक किस्सा सांगत आले — एका नावाड्याकडून कटर राहून गेला आणि काय झालं बघा. नाव घेत नसे. तेवढ्यावरच स्वतःला सभ्य समजत होते. यंदा कुणीतरी सुचवलं, त्या नावाड्यालाच का बोलवू नये? आणि तो आला. धुतलेला कुर्ता, केसांना तेल. पोरांसमोर उभा राहिला, उजवा हात वर केला आणि मोजून दाखवलं. चार बोटं मिटली. अंगठा उभाच राहिला. म्हणाला, "उस दिन हमने गिनती पूरी नहीं की. अँगूठा छूट गया."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, त्या दिवशीच मोजणी अर्धवट का सोडली? घाई कुणाला होती?

त्याने माझ्याकडे बघितलं. नावेत बघितलं होतं तसंच. आणि तेव्हा मला कळलं, हा काहीच विसरलेला नाही. चलो चलो कोण म्हणालं, ते त्याला लख्ख आठवतंय. आठ वर्षं त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझा जेवढा अपराध त्याला माहीत होता, तेवढा तो पोटात घालून बसला होता. आणि जो माहीत नव्हता, तो स्वतःचा समजून.

तो त्या मुलीला म्हणाला, "पेटी हमारी थी, बिटिया."

मी तिथेच होते. माईक माझ्या हातात होता, चालू होता. कुणी मला अडवलेलं नव्हतं, दिल्लीचे साहेब कधीच रिटायर झालेत. मी बोलू शकले असते. नाही बोलले. हे कागदावर उतरवून मन हलकं होईल अशी आशाही मी धरलेली नाही, आणि तुमच्याकडून मला काही नको.

मुलांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.