बुडालेल्या विहिरीची कॉफी

शीड उतरवलं की होडी आधी स्वतःभोवती थोडी फिरायची, मग दोराला बांधलेली जात्याची फुटकी तळी खाली गाळात रुतायची आणि एक हलका हिसका बसून होडी उभी राहायची… त्या हिसक्यासरशी पातेल्यावरचं झाकण खणकन वाजायचं आणि अप्पा, माझे वडील, टेकडीकडे बघत म्हणायचे, "इथंच. आता आपण बराबर विहिरीवर हाव."

आमचं जुनं गाव तलावात गेलं तेव्हा मी पाळण्यात होते. तुळजापूर तालुक्याच्या अगदी कडेचं, कन्नड मुलूख हाकेच्या अंतरावर असलेलं ते गाव मी कधी पाहिलंच नाही. माझं बालपण गेलं ते वरच्या माळावर आखून दिलेल्या नव्या वसाहतीत, जिथं बोअरचं पाणी इतकं खारं होतं की तुरीची डाळ दोन तास रटरटूनही शिजायची नाही. माझी आई, आमची अव्वा, अक्कलकोटच्याही पलीकडची, कन्नड घरातली. तिचा भाऊ चिकमगळूरकडे कॉफीच्या मळ्यात कामाला होता. तो दरसाल चिकोरी घातलेल्या पावडरीचा डबा धाडायचा, आणि रुखवतात आलेलं पितळी फिल्टर अव्वानं देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं होतं. सारं गाव चहावर जगणारं; आमचं एकच घर काय ते कापी पिणारं. पण नव्या वसाहतीतल्या पाण्यानं दूध नासायचं, कॉफीला लोखंडी चव यायची. अव्वानं म्हणे एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि फिल्टर पुसून फडताळात टाकलं ते टाकलंच.

अप्पांना ते लागलं. लागायला कारणही होतं – गाव उठवायचं ठरलं तेव्हा संमतीच्या कागदावर पहिली सही त्यांची होती. त्यांनी केली म्हणून बाकीच्यांनी केली. अप्पा तसे अबोल आणि तिरसट, बायकोशी चार गोड शब्द बोलताना मी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नाही. पण तिच्या तोंडचं गोडं पाणी आपण काढून घेतलं, हे त्यांच्या मनात काट्यासारखं राहिलं.

आमचं थोडं रान पाण्यापलीकडं उरलं होतं. तिकडं जायला अप्पांनी एका मासेमाराची जुनी होडी घेतली, बांबूची डोलकाठी केली, आणि अव्वानं शिलाई मशीनवर युरियाच्या रिकाम्या गोण्या जोडून तिला शीड शिवून दिलं. त्यावरची अक्षरं उलटी लागली होती, त्यावरून आम्ही अव्वाला कितीदा चिडवायचो. आणि मग कधीतरी अप्पांच्या डोक्यात आलं, की आपली जुनी विहीर काही कुठं गेलेली नाही, ती खाली आहे तशीच आहे.

रविवारी दुपारी, रानातली कामं आटोपली की आम्ही तिघं निघायचो. वारा मावळतीकडून यायचा; शीड फडफडून एकदा गच्च फुगलं की ओल्या गोणपाटाचा, शेवाळाचा आणि रॉकेलचा मिळून एक वास यायचा, जो मला आजही कुठल्या तरी परक्या घाटावर अवचित येतो… खंडोबाच्या टेकडीवरचा कळस आणि काठावरचं एकटं शिंदीचं झाड एका रेषेत आलं, की अप्पा शीड उतरवायचे. तांब्याच्या कळशीच्या तोंडात चिंध्या गुंडाळलेलं बूच ठोकायचं, तिला चांगला वजनदार दगड बांधायचा, आणि दोर सोडत सोडत ती तळाला न्यायची; मग बुचाची वेगळी सुतळी खसकन ओढायची. क्षणभर काहीच नाही. मग होडीशेजारी मोठे मोठे बुडबुडे यायचे. ते येईपर्यंत अप्पा श्वास रोखून बसत, आणि मीही.

पुढचं काम निगुतीचं. गोडेतेलाचा चौकोनी डबा एका बाजूनं कापून त्यात वाळू भरलेली, त्या वाळूत वातीचा स्टोव्ह रोवलेला. वाऱ्याची दिशा बदलली की डबा फिरवायचा. पाणी उकळून, फडताळातून पुन्हा बाहेर काढलेल्या फिल्टरात ओतलं की घाई करायची नाही. खालच्या भांड्यात काळा, दाट अर्क थेंबाथेंबानं उतरायला अर्धा तास तरी लागे, आणि तो अर्धा तास ही दोघं एकमेकांजवळ नुसती बसून असत. अप्पा कधी म्हणायचे, "इथं आपला गोठा आसंल बघ." अव्वा हूं म्हणायची. मी पाण्यात हात घालून पालथी पडलेली. मग म्हशीचं दूध, बेतानं साखर, आणि पेल्यातून वाटीत उंचावरून धार – होडी डुलते त्या तालावर अप्पा हातही डुलवायचे, थेंब सांडायचा नाही. फेसाळ पेला पहिल्यांदा अव्वाला. तिनं घोट घेतला की ते विचारायचे, "लागतंय का तेच?"

"तेच हाय," अव्वा म्हणायची. दर रविवारी. आणि अप्पांचा चेहरा असा निवळायचा, की मला माझ्या वाटणीच्या दोन घोटांचीही आठवण राहायची नाही.

मी आठवीत असताना लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि तलाव आटला. आधी मारुतीच्या देवळाचं जोतं दिसलं, मग भिंतींच्या रांगा, आणि उन्हाळ्यात तर सगळं गाव भेगाळलेल्या गाळावर उघडं पडलं. वसाहतीतली माणसं जत्रेला यावीत तशी खाली आली. कुणी आपला उंबरा शोधतंय, कुणी रडतंय. मी मैत्रिणींबरोबर पुढं पळत होते. मला विहीर बघायची होती, आपली विहीर. कळस आणि शिंदी बरोबर रेषेत धरून मी उभी राहिले, तर पायाखाली विहीर नाही, काही नाही. नुसता एक खोलगट, काळसर खड्डा. आणि विहीर? ती पार देवळाच्या पलीकडं, दगडी पायऱ्यांसकट गाळानं अर्धी भरलेली.

माझे थोरले चुलते मागून आले, खड्ड्याकडं बघून म्हणाले, "हितं तर गावचा उकिरडा होता."

आणि मी – माझी जीभ तेव्हाही अशीच होती – खदखदून हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अप्पा, म्हंजे इतकी वर्षं आपण उकिरड्यावरची कापी पिलो की."

अख्खं गाव हसलं. अप्पाही हसले. हसता हसता ते पुन्हा पुन्हा कळसाकडं आणि शिंदीकडं बघत होते, आपली रेष कुठं चुकली ते शोधत. पाण्यावरून अंतर फसवं दिसतं, एवढंच झालं होतं. अव्वा तेवढी हसली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "चला, ऊन झालंय." त्यानंतर कितीतरी दिवस पारावर, एसटीच्या थांब्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, "काय अप्पा, कापी झाली का?" मला मात्र ते एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या साली तलाव भरला. अव्वानं फिल्टर चिंचेनं लख्ख घासलं आणि दारात उभी राहून म्हणाली, "जायाचं का होडीत?"

"कुठं जायाचं?" अप्पा म्हणाले. "उगं आपलं काहीतरी." शीड त्यांनी कडब्याच्या गंजीवर टाकलं, आणि रानात जायला ते लांबच्या रस्त्यानं सायकल मारत जाऊ लागले.

त्या संध्याकाळी अव्वा चुलीपुढं बसली होती. मला वाटलं, तिची समजूत घालावी. म्हटलं, "अव्वा, ते पाणी तसंही विहिरीचं नव्हतं गं."

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच. धा वर्षं म्या भरलंय तिथलं पाणी. कळशी डोक्यावर घेतली की टेकडी कुठल्या अंगाला दिसती, मला न्हाई का ठाव?"

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावलीही नव्हती. "मानूस जवळ बसत होतं की गं माझ्या," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. त्या बारा वर्षांत अप्पा तिच्याजवळ तसे निवांत बसलेले मला आठवत नाहीत. मी हट्ट करून, रडून, पाया पडूनही पाहिलं. ते होडीकडं फिरकले नाहीत. मागल्या वर्षी अव्वा गेली. तेराव्याची माणसं पांगल्यावर अप्पा ओसरीवर बसले होते, समोर भरलेला तलाव. म्हणाले, "तुझ्या अव्वाला त्या विहिरीचं पाणी पाजायचं राह्यलं बघ. फसवत राह्यलो बिचारीला."

माझ्या तोंडाशी आलं होतं… की अप्पा, ती फसली नव्हती. तिला पाणी नकोच होतं. पण हे सांगायचं तर दर रविवारचं तिचं ते 'तेच हाय' खोटं होतं, हेही सांगावं लागलं असतं, आणि त्यांच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.