डायलवरची अक्षरं

स्टुडिओवाल्यांचं एक असतं. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं आणि तो काढताना काय काय झालं, ते आपल्यापाशी राहतं. ते ठेवायला अल्बम नाही की फ्रेम नाही, नुसतं साचत जातं. दुपारी दुकानात कुणी नसलं की चहा पिता पिता आमचे हे एक किस्सा काढतात, मी दुसरा काढते आणि आतल्या खोलीतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "असं न्हाय झालं. तू मीठ लावून सांगतीस."

तर थोडं मीठ लागलेलं असेल, धकवून घ्या.

तुळजापुरात बसस्टँडावरून देवळाकडं जाताना एका बोळात आमचा स्टुडिओ आहे. दर्शनाला आलेली कुटुंबं, पासपोर्ट फोटो, आसपासच्या गावांतली बारशी, लग्नं. कॅमेरा ह्यांचा. मी फक्त प्रिंट कापायची, लॅमिनेशन करायची. मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, थरथर कमी होईल, जाणार नाही. दुकानात ट्रायपॉड असतो, तिथं निभलं असतं. पण लग्नात ट्रायपॉड घेऊन नवरीच्या मागं कसं पळणार? एका सकाळी ह्यांनी कॅमेरा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आता तू."

मी म्हटलं, "अहो, मला ह्यातलं काय कळतं?"

ह्यांनी कॅमेऱ्यावरची गोल डायल फिरवून हिरव्या खुणेवर आणली. "हे ऑटो. तू फक्त बटण दाबायचं. बाकीचं सगळं तो ठरवतो."

"तो कोण?"

"कॅमेरा."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "बरंय की. घरात एक तरी ठरवणारा पायजे."

*

माझं पहिलं काम तामलवाडीचं बारसं. पाळणा आतल्या अंधाऱ्या खोलीत होता. बाळ सकाळपासून रडून रडून नुकतंच झोपलं होतं, म्हणून सगळ्या बायका कुजबुजत होत्या. बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली. मी बटण दाबलं. कॅमेऱ्यातला फ्लॅश टपकन आपोआप वर आला आणि खोलीभर लख्ख उजेड पडला.

बाळानं जो सूर लावला, त्यात आत्यानं सांगितलेलं नाव कुणालाच ऐकू आलं नाही. बाहेरून आजोबांनी विचारलं, "काय झालं? नाव पसंत न्हाय का त्याला?"

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा हे हसले. हात थरथरायला लागल्यापासून इतके पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "ऑटोला अंधार दिसला की तो दिवा लावणारच. पाळण्यात कोण झोपलंय, त्याला काय माहीत?" आणि डायल एका घरानं सरकवून 'पी' वर ठेवली. "यात उजेडाचं गणित तोच करतो. पण फ्लॅश तू उचलशील तरच उठतो."

पुढं त्याच घरात दुसऱ्या नातवाचं बारसं निघालं. मी दारात पाऊल ठेवलं तसे तेच आजोबा सावध झाले. मी म्हटलं, "घाबरू नका, आजोबा. आज बाळ उठणार नाही. कॅमेरा पी वर आहे."

आजोबांनी कॅमेऱ्याकडं निरखून पाहिलं. "पिऊन आलाय? मग तर बाई, लांबच ठेवा."

*

येरमाळ्याकडचे एक म्हातारे नवरा-बायको दर्शन करून आमच्याकडं आले. म्हाताऱ्याच्या अंगावर पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा फेटा. त्यात मी त्यांना आमच्या चुन्याच्या भिंतीपुढं उभं केलं. फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"पोरी, धोतर मळकं दिसतंय की."

म्हातारीनं ते नीळ घालून धुतलेलं होतं, हे कुणालाही दिसत होतं. तिचा चेहरा पडला. म्हातारा लगेच तिच्याकडं वळला, "तुझं काय न्हाय गं. कॅमेराच मळकाय."

खुर्चीत बसलेले हे म्हणाले, "प्लस-मायनसचं बटण दाब आणि प्लसकडं सरकव." मग त्या दोघांना समजावून सांगितलं, की कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला सगळं मधल्या रंगाचं करायची सवय. समोर फार पांढरं दिसलं, की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो अंधारून टाकतो. आपण सांगायचं, बाबा, हे खरंच पांढरं आहे.

मी प्लस केलं. धोतर झळकलं.

म्हातारा खूश. बायकोला म्हणाला, "बघ, एवढं पांढरं तर तू बी कधी धुतलं न्हाईस."

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मग हितून पुढं ह्या बाईकडंच टाकत जा."

*

ह्याच्या उलटही होतं. एक आई मुलीला स्थळासाठी फोटो काढायला घेऊन आली. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस. साडी गडद हिरवी आणि मागं आमचा काळा पडदा. कॅमेऱ्याला वाटलं अंधार झाला. त्यानं सगळं उजळून टाकलं. फोटोत मुलगी चांगली गोरी आली.

आई म्हणाली, "हाच द्या. लई छान आलाय."

मुलगी म्हणाली, "ही मी न्हाय, आई."

"राहू दे गं. कोण बघतंय एवढं?"

"बघायलाच येणारेत की ते. फोटोतली पसंत पडली आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी बाहेर आले, तर?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी मायनस केलं आणि परत काढला. मुलीनं तो हातात धरून मान हलवली. "ही मी."

पुढं तिचं लग्न जमलं तेव्हा कामही आम्हालाच आलं. हळदीला मी कॅमेरा वर केला, तर अंगभर हळद लागलेली ती मुलगी हळूच म्हणाली, "मायनसवर ठेवलाय ना, ताई?"

*

'ए' मला बराच उशिरा कळला. त्यात भिंगाचं भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं, बाकीचा मेळ कॅमेरा घालतो. आकडा लहान ठेवला की भोक मोठं होतं. मग जिथं नेम धरला तेवढंच स्पष्ट येतं, मागचं सगळं धूसर. मला त्या धूसरपणाचं वेडच लागलं होतं. जास्वंद काढ, झुमका काढ, आत्याबाईंचा अडकित्ता काढ.

त्याच नादात कळंब तालुक्यातल्या एका मोठ्या घराचा ग्रुप फोटो काढला. सगळं खटलं लॉजवर उतरलं होतं. पुढं खुर्च्यांवर चौघं भाऊ, मागं त्यांच्या बायका, सुना, लेकी. दुकानात येऊन कॉम्प्युटरवर बघते तर भावांच्या मिशांचा केस न् केस मोजून घ्यावा आणि मागच्या बायका नुसता धूर.

मी तशीच प्रिंट घेऊन लॉजवर पळाले. म्हटलं, चूक माझी आहे, परत काढते, आता आकडा मोठा ठेवलाय, सगळे स्पष्ट येतील. थोरल्या जाऊबाईंनी प्रिंट हातात घेतली. पदरानं पुसून बघितली, पण धूर काही पुसला जाईना.

"आमी हाव व्हय ह्यात?"

त्या उठल्या. भावांना खुर्च्यांवरून उठवलं, मागं उभं केलं. जावा, सुना, लेकी पुढं बसवल्या, स्वतः मधोमध बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता पयल्यासारखाच काढा. आकडा बी तोच."

मी त्यांच्या मालकांकडं बघितलं. घरातले सगळ्यात मोठे, सरपंच राहिलेले. त्यांनी फेटा नीट केला आणि म्हणाले, "काढा. ती म्हणते तसं."

मी तोही काढला आणि मग सगळे स्पष्ट येतील असाही एक काढला. निघताना मालक बाजूला येऊन हळू आवाजात विचारतात, "ताई, त्या धूरवाल्यात आमी मागचे थोडे तरी वळखू येतो का?"

*

ह्या सगळ्या दिवसांत हे मला शिकवत होते, पण स्वतः कॅमेरा डोळ्याला लावत नव्हते. मी हातात दिला की म्हणायचे, "ठेव तिथं."

ह्यांचे मित्र आहेत अंबादासभाऊ, हलगी वाजवतात. त्यांना स्वतःचा वाजवतानाचा फोटो पाहिजे होता, पोरांनी मोबाईलवर पाठवायला मागितला म्हणून. दुकानापुढच्या मोकळ्या जागेत ते वाजवायला लागले आणि मी काढत गेले. चेहरा छान यायचा, पण हाताच्या जागी नुसता फराटा.

अंबादासभाऊ म्हणाले, "वयनी, माझा हात कुठं गेला?"

हे दारातून म्हणाले, "एस वर घाल. पाचशे ठेव." म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच झाकण उघडतं. तेवढ्या वेळात कुणाचा हात किती हलणार? मी ठेवलं आणि काढलं. हातातलं हलगीचं टिपरू हवेत थांबलेलं, बोटं मोजता येत होती.

मी तो ह्यांना दाखवला. ह्यांनी कॅमेरा जवळ घेतला आणि त्या थांबलेल्या हाताकडं बघत राहिले. मी कॅमेऱ्याचा पट्टा ह्यांच्या गळ्यात घातला आणि बाजूला झाले.

अंबादासभाऊंनी पुन्हा हलगी धरली. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. हात थरथरत होता, कोपर अंगाशी घट्ट धरलं तरी थरथरत होता. अंबादासभाऊंना ते दिसलं. वाजवता वाजवताच म्हणाले, "अरे, हात हलतोय की तुझा."

"हलू दे. तुझा बी हलतोयच की."

फोटो बघितला. मोठा करून बघितला. कडा न् कडा जागेवर होती.

तोवर हलगी ऐकून आत्याबाई बाहेर आल्या होत्या. फोटो काढायचा म्हटलं की आयुष्य कमी होतं म्हणणाऱ्या आमच्या आत्याबाई. त्या पायरीवर बसल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि लेकाला म्हणाल्या, "माझा काढ."

ह्यांनी काढला.

"हलला का?"

"न्हाय."

"मग झालं," म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या.

*

आता हा शेवटचा. हा सांगताना आत्याबाईही मधे बोलत नाहीत.

उमरग्याच्या पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावातून एक जोडपं आलं होतं. दोघंही साठीच्या पुढचे. काका जन्मापासून आंधळे. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. नातीनं दोघांचा मिळून एक फोटो मागितला होता, भिंतीवर लावायला. ह्यांना कानडी येते, म्हणून गप्पा जमल्या. काका मराठीही चांगलं बोलत होते.

नेमकी दुपारची लाईट गेलेली. दारातून येईल तेवढाच उजेड. हे म्हणाले, "मी काढतो." ट्रायपॉड लावला, दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसवलं. उजेड कमी, म्हणून एस वर अर्धा सेकंद ठेवला. काकूंना सांगितलं, हलू नका. बटण दाबलं.

टक. आणि जरा थांबून, टक.

काकांनी मान तिरकी केली. "दोन आवाज आले."

हे म्हणाले, "व्हय. पहिल्याला आतलं झाकण उघडतं, दुसऱ्याला लागतं."

"आणि दोहोंच्या मधी?"

"मधी उजेड आत येतो. तेवढ्या वेळात कॅमेरा बघून घेतो."

"आपण म्हणू तेवढा वेळ उघडं ठेवता येतं?"

"येतं. एवढ्या अंधारात येतं."

काका मग म्हणाले, "मग जरा जास्त वेळ उघडं ठेवा, मालक. मी काय हिला कधी बघितलं न्हाय. कॅमेऱ्याला तरी नीट बघू द्या."

काकू जमिनीकडं बघायला लागल्या. ह्यांनी डायलशेजारचं चाक फिरवलं. अर्धा, एक, दोन. चार सेकंदांवर थांबले. "काकू, वर बघा. आता अजिबात हलायचं न्हाय."

टक.

झाकण उघडं होतं. दुकानात कसलाच आवाज नव्हता. तेवढ्यात काका काकूंच्या बाजूला जरासे झुकले आणि ओठ न हलवल्यासारखं कानडीत काहीतरी बोलले.

टक.

मी स्क्रीनवर बघितलं. काका जवळजवळ तसेच आले होते. काकूंचा चेहरा हलला होता, गाल, ओठ, डोळे, सगळं एकात एक मिसळलेलं. मी म्हटलं, "परत काढू या. काकूंचा हललाय."

काकांनी विचारलं, "हललाय म्हणजे काय झालं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "मी हसले."

"मग तोच द्या," काका म्हणाले.