पाचनंतर स्वयंपाकघरात

संध्याकाळचे पाच वाजले की हणमंतअण्णा बोलणं अर्ध्यावर सोडून उठत, बैठकीच्या खोलीतला दिवा बंद करत आणि पाहुण्याला म्हणत, "चला, स्वयंपाकघरात बसू. ती झोपली."

ती म्हणजे कुंडीतली पिवळी शेवंती.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरूला आलो, तेव्हा तिथल्या शिवाजीनगरात अण्णा आमचे शेजारी होते. दोघांची घरं तळमजल्यावर, मागच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून. भर दुपारी पेपर वाचायलाही दिवा लागायचा. अण्णांचा जन्म ट्यूबलाइटच्या पट्ट्या दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी शेवंतीवर वीतभर अंतरावर दोन ट्यूबा साखळीने टांगल्या होत्या. झाड वाढलं की साखळी एक कडी वर. "ऊन नाही म्हणून रडायचं कशाला? उजेड तर आपला धंदाच की रे!"

झाड अक्कांचं, म्हणजे त्यांच्या दिवंगत पत्नीचं. के. आर. पुरमचं अंगणाचं घर सुटलं तेव्हा अण्णांनी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून आणली. मार्गशीर्षात अक्कांच्या तिथीला तसबिरीवर याच झाडाचं फूल वाहायचं. "बाजारचं फूल तिनं कधी माळलं नाही. आता फोटोत माळेल होय?"

एका वर्षी दसऱ्यानंतर ते महिनाभर लेकीकडे हुबळीला गेले. किल्ली आमच्याकडे. "सकाळी सातला लाव, पाचला बंद. स्वल्प कमी चालेल, जास्त नको."

बायको पाचला बंद करायला निघाली, तर मीच तिला अडवलं. जास्त उजेड म्हणजे जास्त फुलं, एवढं साधं गणित! कंप्युटरवाला ना मी. ट्यूबा रात्रंदिवस चालू. झाड असं फोफावलं की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

अण्णा परतले. पिशवी खाली न ठेवताच एकेक शेंडा चाचपला. एकही कळी नव्हती.

"महिनाभर जागं ठेवलंस तिला?" ते हळूच म्हणाले. "शेवंती काळोखात कळी धरते रे. रात्र मोठी झाली की तिला कळतं, आता फुलायचं."

तिथीला मी ओशाळून बाजारातून हातभर गजरा आणला. अण्णांनी तो माझ्या बायकोला दिला, "तू माळ गं अम्मा." तसबिरीपुढे त्यांनी शेवंतीची चार पानं ठेवली. "सरी, असू दे. पुढच्या वर्षी."

पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले. लेकीने अक्कांची आणि अण्णांची तसबीर हुबळीला नेली, कुंडी आम्हाला दिली. आम्ही ट्यूबा आमच्या खोलीत टांगल्या. बायको रोज पाचला बंद करायची. त्या बटणाला हात लावायची मला बंदी होती. मार्गशीर्षात सात फुलं आली. तोडवेनात. मग अख्खी कुंडीच मांडीवर घेऊन मी बसने हुबळीला गेलो, दोन्ही तसबिरींपुढे ठेवली आणि तशीच परत आणली.

आता एचएसआर लेआउटच्या घरात भरपूर ऊन आहे. पण बाल्कनीसमोरच रस्त्यावरचा दिवा. म्हणून दसऱ्यानंतर पाच वाजले की शेवंती आत येते, जाड पडदे ओढले जातात, बैठकीतला दिवा जातो आणि पाहुणे चाचपडत स्वयंपाकघरात येतात.

"बसा," बायको चहाचं आधण ठेवत सांगते, "यांनी एकदा महिनाभर जागवली होती तिला. अजून भरपाई चालू आहे."